काकाने दिलेलं रक्त

पप्पांचं आतड्याचं ऑपरेशन होऊन दुसरा आठवडा लागला होता. टाके मस्त सुकले होते. आणि परवा अचानक ताप! असातसा नाही, लोखंडी कॉट खडखड वाजेल अशी हुडहुडी, मग घामाच्या धारा. काल मात्र एकदम ठणठणीत, पत्त्यांत चक्क लबाडी केली माझ्याशी. आज पुन्हा तेच.

"आत पू झाला असणार," सर्जनबाई म्हणाल्या. "सोनोग्राफीत नीट दिसत नाहीये. दुपारी पोट उघडून बघू."

आईने पप्पांच्या अंगावर आणखी एक चादर ओढली. आज तर त्यांना धड उठून पाणी पिता येत नव्हतं. त्यांना हे झेपेल का, हे विचारायची कोणाचीच छाती होईना.

काकाची टकळी मात्र चालूच. "घाबरता काय वहिनी? मागच्या ऑपरेशनला दिलं तसं पुन्हा रक्त देतो की! अस्सल पैलवानी माल आहे. दादा कुडकुडतोय ना, जंगलातल्या रस्त्याच्या कामावर मीही अस्साच कुडकुडायचो, अंगावर तीन-तीन गोधड्या..."

आणि काका गप्प. आमचा काका, स्वतःहून गप्प!

"कसला ताप होता तो?" मी विचारलं.

"साधाच गं."

"काका!"

"मलेरिया. पण बरा झालो होतो!"

"रक्त घेताना विचारलं नाही त्यांनी?"

"विचारलं. खरं सांगितलं असतं तर हाकललं असतं. सख्खा भाऊ आत पडलाय, आणि मी हात हलवत परत येऊ?"

मी धूम ठोकली. सर्जनबाईंना जिन्यातच गाठलं आणि एका दमात सगळं ओकले.

त्या माघारी आल्या. काकाकडे नुसतं बघितलं त्यांनी, मी असते तर विरघळले असते. "दिलेल्या रक्ताच्या तपासणीतूनही मलेरिया कधी कधी सुटतो," म्हणाल्या, आणि पप्पांच्या बोटातून रक्त घेतलं. "ऑपरेशन थांबवलंय, रद्द नाही. यात काही मिळालं नाही, तर उघडावंच लागेल."

मग नुसतं बसणं. दारात स्ट्रेचर तयार. काका भिंतीकडे तोंड करून उभा. मी नखं कुरतडून संपवली.

सर्जनबाई परतल्या त्या हातमोज्यांशिवाय. "मलेरियाच आहे. औषध सुरू करतोय. पोटाला हात लावत नाही." मग काकाला म्हणाल्या, "तुम्ही खाली जा. तुमचंही रक्त तपासायचंय."

पप्पांना दरदरून घाम फुटला होता.

"वहिनी, शिव्या तरी द्या," काका पुटपुटला.

आईने ओल्या चादरीचं एक टोक त्याच्या हातात कोंबलं. "आधी ही बदलू लाग. शिव्या नंतर, सावकाश."