बारीक आवाज

बाळ झालं की घर खायला उठतं, एखादं माणूस आत्ताच धरून ठेव, असं नणंदेने तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. माझे पक्षी आहेत की, म्हणाली. आता शरदात वटवटे, ते मुठीत मावतील एवढेसे पक्षी, दक्षिणेला जाताना झाडांवर मुक्कामाला आले. आणि ही स्वयंपाकघराच्या खिडकीशी, एका हाताने बाळाला थोपटत, दुसऱ्याने दुर्बीण सावरत. मध्येच बाळाच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचा, ते वेगळंच. नवरा कामावर गेला की संध्याकाळपर्यंत बोलायला कुणी नसे.

उरला फोनवरचा पक्षीमित्रांचा गट. तिथला नियम कडक: पक्षी, जागा, बास. ख्यालीखुशाली विचारायची नाही. घड्याळदुरुस्तीतून निवृत्त झालेले घड्याळकाका रोज सकाळी नोंद टाकत. त्यांच्याच मागे फिरून ती शिकली होती. या दिवसांत वटवटे सगळे सारखेच मळकट हिरवे. ओळखायचे आवाजावरून, हे त्यांचंच सांगणं.

त्याच काकांनी एका साध्या वटवट्याला भलतंच नाव दिलं, वर रेकॉर्डिंगही जोडलं. ते ऐकून नवख्यालाही चूक कळली असती. गटाने त्यांची यथेच्छ खेचली. काका, चष्मा बदला, कुणी लिहिलं. मग त्यांची नोंद येईनाशी झाली. कुणाला ते जाणवलंही नाही. तिच्या मनात मात्र पाल चुकचुकली: चूक डोळ्यांची नव्हतीच.

काका फोन उचलेनात. बाळाला पोटाशी बांधून ती त्यांच्या घरी गेली. दाढी वाढलेली, खिडक्या बंद. बाळ झोपलंय म्हणून ती हळू बोलू लागली, तर ते म्हणाले, "मोठ्याने बोल गं. बाळ उठलं तरी चालेल, मला तेवढं तरी ऐकू येईल."

आधी मनगटी घड्याळांची टिकटिक गेली, त्यांनी सांगितलं, आता वटवटे. नुसती चोच हलताना दिसते. सांगणार कुणाला? गटात तसलं लिहायचं नसतं.

तिने खिडकी उघडली. समोरच्या झाडात वटवट्या बोलत होता. तो बोलला की ती काकांच्या मनगटावर बोट टेकवी. काका झाडाऐवजी त्या बोटाकडेच बघत राहिले. मग बाळ रडायला लागलं, तिला निघावं लागलं.

"जाताना खिडकी लावून घे," ते म्हणाले. "उघडी असली की उगाच कान देऊन बसतो."

तिला रोज जाणं जमत नाही. तुमच्याही ओळखीत रोज काही ना काही कळवणारं कुणी अलीकडे गप्प झालं असेल, तर हे वाचणं ठेवा बाजूला आणि जाऊन या. नुसता फोन करू नका. तो ऐकू येत नसेल.