न दिसलेलं धरण

मी गाद्या विकतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं समजायला सोपं जाईल. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी त्याला बूट काढून गादीवर आडवं व्हायला लावतो, आणि ते आडवं झालं की उशाशी उभा राहून बोलायला लागतो. ही गादी पाठदुखी घालवते, ती घोरणं कमी करते, पलीकडची घेतलीत तर नवराबायकोची भांडणं मिटतात. आडवा पडलेला माणूस फारसा वाद घालत नाही. एकवीस वर्षं मी हेच करतोय. असा माणूस संध्याकाळी दुकानाचं शटर ओढताना जीभही आत ठेवून येत असेल असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही फार भोळे आहात.

घरीही मी थापा मारतो. कुणाचं वाईट व्हावं म्हणून नाही, नुसत्या जेवताना. कॉलेजात असताना मी पुरातून गाढव वाचवलं होतं, एकदा चालत्या लिफ्टचा दोर हातानं धरला होता, अशा. बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि कागदावर छापून आलेल्या गोष्टींवरच विश्वास ठेवते. अकरा वर्षांची लेक तिच्या वळणावर गेली आहे. मी तोंड उघडलं की ती शांतपणे विचारते, “खरं की बाबांचं खरं?”

पूर्वी याचं मला हसू यायचं. मग गेल्या वर्षी गोदामात शिडी घसरली आणि माझा पाय मोडला. घरी येऊन सांगितलं, तर लेक म्हणाली, एक्स-रे दाखव. दाखवला. तिनं तो खिडकीशी धरून वर लिहिलेलं नाव वाचलं, तारीख वाचली आणि मगच मला पाणी आणून दिलं. पुढे सहा आठवडे ती येता-जाता प्लास्टरवर टकटक करून बघायची. पाय दुखत होताच, पण ती टकटक जास्त दुखायची. लेकीनं एकदा, फक्त एकदा, पुरावा न मागता माझ्यावर विश्वास ठेवावा, एवढंच मला हवं होतं.

आता अशा माणसानं काय करावं? गप्प बसावं. मी त्याऐवजी आमच्या वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरला जिन्यात गाठून सांगितलं की तरुणपणी मी डोंगरातल्या सायकल शर्यती गाजवल्या आहेत. डॉक्टर स्वतः अशा शर्यतींना जातो. तो म्हणाला, अरे वा, मग पुढच्या महिन्यात चला, साठ किलोमीटर आहे, चाळिशीच्या पुढच्यांचा वेगळा गट असतो. उचलली जीभ लावली टाळ्याला, की हे असं होतं. त्यानं संध्याकाळपर्यंत माझा फॉर्मही भरला आणि स्वतःची जुनी सायकल आणून माझ्या दारात लावली. लेक सायकलीकडे बघत होती, माझ्याकडे बघत होती. म्हटलं, ठीक आहे. शर्यतीत नंबर असतो, वेळ असते, छापील प्रमाणपत्र असतं. लेकीनं विश्वास ठेवावा म्हणून मी छापील कागद आणायला निघालो होतो. यातला विनोद मला तेव्हा कळला नाही.

सराव तीन आठवडे केला. म्हणजे तीन रविवार. त्यातल्या एका रविवारी पंक्चर झालं.

शर्यतीच्या दिवशी सकाळी आठला आम्ही सगळे मैदानात उभे होतो तेव्हा पाऊस आडवा पडत होता. सुरुवातीची फुगवलेली कमान दोनदा जमिनीवर लोळली आणि तिसऱ्यांदा तिला कुणी उभं केलं नाही. डोंगर असावा त्या जागी पांढरं धुकं होतं. शर्यतीच्या मुख्य पंच म्हणजे शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांनी गळ्यात अडकवायला प्रत्येकाला एक कार्ड दिलं. त्यावर चार चौकोन. वाटेतल्या चार चौक्यांवर त्या त्या चौकोनात छिद्र पाडून घ्यायचं. मग त्या रस्ता समजावून सांगू लागल्या. मी त्या वेळी शेजारच्या तरुणाला, यापेक्षा भयंकर पावसात मी कसा जिंकलो होतो, ते सांगत होतो.

पहिले दोन किलोमीटर मी फार छान चालवली. मग चढ लागला आणि माझे नाकी नऊ आले. सगळे पुढे गेले. एक बाई पुढे गेल्या, त्यांच्यापाठोपाठ त्यांचे वडील वाटावेत असे एक गृहस्थ पुढे गेले, आणि त्यांनी जाता-जाता माझी विचारपूस केली. मी म्हटलं, जरा दम राखून ठेवतोय. पहिली चौकी आली. पुढे दगडाच्या बंद खाणीपाशी रस्त्याला दोन फाटे फुटले. तिथे उभा राहायचा माणूस पावसाला कंटाळून कुठेतरी आडोशाला गेला असावा. बाणाची पाटी वाऱ्यानं गरागरा फिरत होती. उजवीकडचा रस्ता उताराचा दिसला. मी उजवीकडे वळलो.

तो उतार कसा होता ते मी नंतर सांगेन. खाली चौकी होती, ताडपत्रीतून नुसता एक हात बाहेर आला, त्यानं माझ्या कार्डाला छिद्र पाडलं आणि हात आत गेला. बधिर बोटांनी मी कार्ड पुन्हा जाकिटात कोंबलं. खाण दुसऱ्यांदा लागणार असं काहीतरी कानावर आलं होतं. ती लागली नाही, पण धुक्यात असेल कुठेतरी, असं म्हणून मी पुढे जात राहिलो. पुढच्या चौकीवर शाबास म्हणाले. मागे-पुढे चिटपाखरू नव्हतं, आणि मी मनात हिशोब मांडला की लोकांनी हाय खाल्ली असणार, डॉक्टर कुठेतरी चहा पीत बसला असणार. शेवटच्या चढावर काही तरुण पोरं आणि माझ्या वयाची दोन दणकट माणसं मला मागे टाकून गेली. त्यांना मी मोठ्या मनानं जाऊ दिलं.

साडेबाराला मी मैदानात शिरलो. बाईंचा तंबू उडाला होता. त्या एका टेम्पोच्या आडोशानं वहीत नंबर लिहून घेत होत्या. म्हणाल्या, तुमच्या गटात तिसरे! कार्ड नंतर बक्षिसाच्या आधी द्या.

लेक छत्री टाकून धावत आली आणि मला मिठी मारली. चिखलासकट. मी तिसरा आलो, म्हटलं. ती माझ्याकडे बघून नुसती हसली. तिनं काही विचारलं नाही. मग बायकोचा फोन घेऊन तिनं आत्याला सांगितलं, मामाला सांगितलं, आजीला ओरडून सांगितलं, कारण आजीला कमी ऐकू येतं. मी टेम्पोच्या चाकाला टेकून बसलो होतो आणि मला रडू येत होतं. इतका आनंद मला माझ्या कुठल्याही थापेनं दिला नव्हता.

डॉक्टर आला तो चाळीस मिनिटांनी. भुवयांपर्यंत चिखल. सायकल टाकून तो माझ्या शेजारी कोसळला. मी त्याच्या पाठीवर थोपटलं, होतं असं कधीकधी, म्हटलं. त्याला बोलायलाही सुधरत नव्हतं. जरा वेळानं म्हणाला, कमाल आहे तुमची, मला तर त्या धरणाच्या भिंतीनंच मारलं, एवढ्या वाऱ्यात सायकल खांद्यावर घेऊन तीनशे पायऱ्या.

मी म्हटलं, हो ना, पायऱ्या फार.

मी धरण पाहिलंच नव्हतं. धरण ही काही नजरेतून सुटेल अशी वस्तू नाही. खाणीपाशी पहिल्यांदा डावीकडे वळायचं, धरणावरून वीस किलोमीटरचा फेरा मारून पुन्हा खाणीशी यायचं आणि मगच उजवीकडे. बाईंनी हे तीनदा सांगितलं होतं म्हणे. आणि त्याही परिस्थितीत मला पहिली शरम कसली वाटली? की वीस किलोमीटर गाळूनसुद्धा मी पहिला आलो नव्हतो.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली. डॉक्टर आमच्या गटात चौथा होता. म्हणजे खरा तिसरा तोच.

मी गप्प बसलो. जन्मात कधी बसलो नव्हतो, तो नेमका तेव्हा बसलो. मनात म्हटलं, मी काही खोटं बोललेलो नाही. बाई म्हणाल्या तिसरे, मी म्हणालो तिसरा. बक्षिसाचा प्लॅस्टिकचा एक कप, त्यानं डॉक्टरचं काय अडलंय? त्याच्या दवाखान्यात असे सात आहेत. गादी विकताना मी जे गिऱ्हाइकाला ऐकवतो, ते सगळं मी स्वतःला ऐकवलं. चाकाला टेकून मी अर्धा आडवाही होतो, त्यामुळे वाद घातला नाही.

बायको चहा आणायला गेली होती. लेक माझं कार्ड बघत होती. तिनं ते फ्रॉकला पुसलं, उजेडाकडे धरलं.

“बाबा, दुसऱ्या चौकोनाला छिद्र नाहीये.”

मी तिच्याकडे बघितलं. तिचा माझ्या चेहऱ्याचा अकरा वर्षांचा अभ्यास आहे. तिला कळलं. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलेलं मला दिसलं, आणि तेवढ्यात भूगोलाच्या बाई समोर येऊन उभ्या राहिल्या, कार्ड द्या म्हणाल्या.

लेक उठली. माझ्या आणि बाईंच्या मध्ये उभी राहिली.

“दुसऱ्या चौकीवरच्या काकांचा छिद्र पाडायचा पंच अडकला होता,” ती म्हणाली. “पिवळा रेनकोट होता त्यांचा, बटणं तुटलेली. ते बाबांना म्हणाले, तुम्ही थांबू नका, मी बाईंना कळवतो.”

थापेत एक बिनकामाचा बारीक तपशील घालावा लागतो, म्हणजे ती उभी राहते. तुटलेली बटणं. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. हातही तिनं माझ्यासारखाच पुढे केला होता, तळवा वर करून. बाई म्हणाल्या, या पावसात काहीही होऊ शकतं बाई, आणि त्यांनी वहीत खूण करायला पेन टेकवलं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. जिनं मला एक्स-रे मागितला होता, ती माझ्यासाठी माझ्यासारखी झाली होती, आणि मी चाकाला टेकून बघत बसलो होतो.

“बाई, खोडा ते,” मी म्हणालो. “ती माझ्यासारखं बोलतेय. मी धरणाकडे गेलोच नाही. वाट चुकलो.”

आता असं बघा, माणूस खरं बोलला की लोकांनी निदान दचकावं. डॉक्टर हसला. म्हणाला, उगाच मला मोठेपणा देऊ नका हो, मी हरलो तर हरलो. बायको चहाचे कप घेऊन आली होती, ती म्हणाली, आता हे काय नवीन काढलंस? मी शपथेवर सांगू लागलो की मला धरण दिसलेलं नाही, तर बाई माझी समजूत घालायला लागल्या की दमल्यावर असं वाटतं. शेवटी त्यांनी धरणावरच्या चौकीला फोन लावला. माझा नंबर तिथून गेलेला नव्हता. हे मी खरं बोलत असल्याचं पहिलं अधिकृत प्रमाणपत्र.

बाईंनी माझ्या नावावर रेघ मारली आणि डॉक्टरचं नाव वर घेतलं. मग त्यांना माझी दया आली असावी. म्हणाल्या, शर्यत चारला बंद होते, अजून वेळ आहे, तुम्ही परत जाऊन धरणाचा फेरा पुरा करून आलात तर नियमात बसतं. शेवटचा का होईना, नंबर लागेल. सगळे माझ्याकडे बघायला लागले. असल्या वेळी मी काय म्हणतो ते मला पाठ आहे. मी म्हणतो, त्यात काय.

“नाही,” मी म्हणालो. “माझ्याच्यानं होणार नाही.”

लेक तोवर गाडीकडे निघून गेली होती. मी लंगडत मागे गेलो. ती मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी शेजारी बसलो, माझ्या पँटमधून सीटवर पाणी गळत होतं.

“कुणाला कळलं नसतं,” ती म्हणाली. “आता आजीला कोण सांगणार?”

मी म्हटलं, मी सांगतो. आणि आत्याला, आणि मामाला. ती म्हणाली, मी तुझ्यासाठी बोलले आणि तू मलाच खोटं पाडलंस. मी म्हटलं, हो. चूक तुझी नाही, सगळी माझी. तुला चांगलं जमलं, म्हणून तर मी घाबरलो. गाडीच्या टपावर पाऊस वाजत होता. समोर बायको डॉक्टरला चहा देत होती आणि डॉक्टर दोन्ही हातांनी काहीतरी नाकारत होता, बहुधा बक्षिसाचा कप.

“परत का नाही गेलास?” लेकीनं विचारलं.

“तो उतार पुन्हा लागला असता. खाणीनंतरचा. तिथे माझी पाचावर धारण बसली होती. मी सायकलवरून उतरलो, ती एका झाडाला टेकवली आणि बसून खाली घसरत गेलो. मग सायकल आणायला पुन्हा वर चढलो. त्यात अर्धा तास गेला. मी मोठ्यानं रडत होतो, कारण ऐकायला कुणीच नव्हतं. तुझ्या आईला हाका मारत होतो.”

तिनं माझ्याकडे मान वळवली. मी वाट बघितली. एक्स-रे मागेल, चौकीला फोन लाव म्हणेल, म्हणून हातात फोन धरून बसलो होतो. माझ्या पँटची मागची बाजू अर्धी फाटली होती, वेळ आली असती तर तीसुद्धा दाखवली असती.

“मग?” ती म्हणाली.

दोन-तीन वर्षांत माझी गोष्ट ऐकताना तिनं ‘मग’ म्हटलं नव्हतं. मग काय, म्हटलं, सायकल घेऊन दुसऱ्यांदा घसरलो, आणि या खेपेला सायकल माझ्या आधी पोचली.