निळं म्हणजे पाणी

अण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, शुक्रवारी जेवताना सांगून टाकलं की त्यांना लवकर परत जायचं आहे. नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस आमच्या ॲन आर्बरच्या घरात सात आठवडे खिडकीशी बसून होता. "सोमवारी एअरलाइनला फोन करतो," माझा नवरा राजीव म्हणाला. मला ते जायला नको होते. घरात माझ्याशी वाद घालणारं तेवढं एकच माणूस होतं. राजीव लगेच मान्य करतो.

रविवारी मराठी मंडळाची पिकनिक होती, चाळीस मैलांवरच्या एका तळ्याकाठी. राजीव कोळसा घेऊन पुढे गेला. मसालेभाताचं पातेलं माझ्या गाडीत होतं. गॅस स्टेशनवरून आणलेला नकाशा मी अण्णांच्या हातात दिला आणि म्हटलं, "रस्ता तुम्ही सांगा."

त्यांनी चष्मा पुसला आणि नकाशाची बेताची घडी घातली. त्या घडीत चिन्हांची सूची आत गेली.

"सूची लागेल ना, अण्णा?"

"सूची नववीच्या पोरांना लागते. हे बघ, इथून एक मोठी नदी पश्चिमेला जाते. तिच्या शेजारचा लाल रस्ता धर."

ती नदी म्हणजे चौऱ्याण्णव नंबरचा फ्रीवे होता. या नकाशात फ्रीवे निळे होते. आपल्याकडच्या सर्वेक्षणाच्या नकाशात निळं म्हणजे पाणी आणि लाल म्हणजे रस्ता. हे त्यांनी किती पोरांच्या डोक्यात घातलं असेल, याचा मी हिशेब केला. साधारण साडेचार हजार. मी लाल रस्ता धरला.

सिग्नल, ट्रॅक्टर, पुन्हा सिग्नल. डावीकडे झाडीपलीकडे अण्णांची नदी ताशी पंचावन्न मैलांनी वाहत होती.

"नद्यांना नंबर दिलेत यांनी," अण्णा म्हणाले. "नाव सुचू नये एखादं?"

"एवढ्या नद्या असतील, तर नावं कुठून पुरणार?"

"आपल्याला पुरली. आणि उपनद्या बघ, सगळ्या काटकोनात मिळतात. हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं." ते खूश होते. "आता उजवीकडे. पुढे त्रिकोण आहे. म्हणजे मोजणीचं ठाणं, टेकडीचा माथा. तिथून तळं दिसेल."

उजवीकडे जमीन ताटासारखी सपाट होती. तिच्यावर चौदा तंबू होते आणि एक गृहस्थ बनियनवर दाढी करत होते. त्यांनी आम्हाला हात केला.

अण्णांनी घडी उलगडली. सूचीवरून वरून खाली बोट फिरवलं, एकही ओळ न गाळता.

"त्रिकोण म्हणजे तंबू," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कुठपासून?"

"घरापासून."

"मग तोंड शिवलं होतं?"

"सात आठवड्यांत तुम्ही पहिल्यांदाच एवढं खुशीत बोलत होतात."

फ्रीवे लागेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता ते सोमवारचीही वाट बघायचे नाहीत. मग म्हणाले, "लहू नावाच्या एका पोराने रस्ता निळा रंगवला होता. मी त्याला पट्टी मारली."

"पत्र लिहा त्याला."

"तो आता तहसीलदार आहे," अण्णा म्हणाले. "उत्तर द्यायचा नाही."

आम्ही दीड तास उशिरा पोचलो. मंडळाच्या सुहासिनीकाकूंनी पातेलं उतरवून घेतलं. "काय गं, भात नागपूरहून आणलास की काय?"

"चूक माझी," अण्णा पुढे होऊन म्हणाले. "सूची न वाचता नकाशा वाचला." पिकनिकच्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला आणि चूक कुठे झाली, ते दाखवू लागले. मोठी माणसं भाताकडे गेली. पोरं राहिली.

"धिस ब्लू लाइन," अण्णांनी विचारलं. "व्हॉट इज इट?"

"फ्रीवे, आजोबा," नऊ वर्षांची सीमा बसल्या बसल्या सूचीवर बोट ठेवून म्हणाली. "इट्स राइट देअर इन द की. यू शुड रीड द की फर्स्ट."

"करेक्ट. पण उत्तर देताना उभं राहायचं."

सीमा गोंधळून उभी राहिली. मग, काही चुकायला नको म्हणून, बाकीचे आठही उभे राहिले. अण्णांनी प्रत्येकाला एकेक चिन्ह विचारलं. भात दोनदा गरम करावा लागला.

सोमवारी सकाळी राजीव फोन हातात घेऊन उभा होता. "अण्णा, कधीचं तिकीट विचारू?"

"थांब जरा," अण्णा म्हणाले. "ती पोरं रविवारी इथे येणार आहेत. समोच्च रेषा व्हायच्यात अजून."

"बरं," राजीव म्हणाला, आणि फोन खाली ठेवला.