मुलरीनचा निवळलेला डोह

मुलरीन ओढ्याच्या डोहावर त्या दिवशी इतक्या गाड्या लागल्या होत्या, की गुरांच्या लिलावालासुद्धा तेवढ्या लागत नाहीत. माणसं तारेच्या कुंपणातून वाकून आत येत होती, काठाशी उभी राहून खाली बघत होती आणि चर्चमध्ये बोलावं तशी हळू बोलत होती. आजवर दुधाच्या चहासारखं गढूळ दिसणारं पाणी तळापर्यंत नितळ झालं होतं. तळाशी पडलेलं जुन्या बैलगाडीचं चाक दिसत होतं, चाकाचे आरेसुद्धा मोजता आले असते.

"नळी लावा, नळी," कुणीतरी म्हणालं.

मुलरीन ओढा मंडळाकडे एक लांब पारदर्शक नळी होती. तिच्या तळाला काळी फुली. ओढ्याचं पाणी तिच्यात ओतत जायचं आणि वरून डोकावायचं. फुली जितक्या लवकर दिसेनाशी होईल तितका ओढा आजारी. आज नळी काठोकाठ भरली तरी फुली जशीच्या तशी दिसत होती. मंडळाचा अध्यक्ष रॉस डनलेव्ही नळी धरून उभा होता आणि एकेक जण येऊन त्यात डोकावून जात होता. डोह रॉसच्याच शेतात होता, त्यामुळे त्याच्या चेहऱ्यावर यजमानाचा तोरा होता.

बाजूला मेणकापडाचा लांब कोट घातलेले डेस्मंड क्वेल उभे होते. मेलबर्नहून आलेले. पाण्याचे वैद्य, असं ते स्वतःच स्वतःला म्हणवून घेत. डोहाभोवती त्यांनी तांब्याचे दांडे रोवले होते, फुकट नव्हे हे सांगायला नकोच.

"मित्रहो, मी काही केलेलं नाही," क्वेल म्हणाले. काही न करता एवढं बोलणारा माणूस गावाने प्रथमच पाहिला असावा. "पाण्यालाही नाडी असते. तुमचं पाणी आजारी नव्हतं, उदास होतं. मी त्याला फक्त बालपणाची आठवण करून दिली."

मग त्यांनी ओढ्याच्या वरच्या बंधाऱ्यातलं गढूळ पाणी काचेच्या बरणीत घेतलं, हातातला तांब्याचा दांडा त्यात फिरवत स्वतःशी काहीतरी पुटपुटले आणि बरणी गाडीच्या टपावर ठेवली. गप्पा मारता मारता बरणीतला गाळ खाली बसला आणि वर स्वच्छ पाणी राहिलं. मर्ल हॅचने डोळे पुसले. मर्लबाई मंडळाच्या चहाच्या मुख्य अधिकारी, त्या सहसा कशाने हलत नसत.

गर्दीच्या मागे ग्वेंडा पॅस्को उभ्या होत्या. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं, म्हणून सगळे त्यांना अजूनही बाईच म्हणत. त्यांचं लक्ष डोहाकडे नव्हतं. त्या रॉसच्या गायींकडे बघत होत्या. तहानलेल्या गायी डोहाच्या काठापर्यंत आल्या, पाणी हुंगलं आणि चढ चढून वरच्या बंधाऱ्यातलं चिखलाचं पाणी प्यायला निघून गेल्या.

"क्वेलसाहेब, गायी का पीत नाहीत हो?" बाईंनी विचारलं.

"संकोचतात," क्वेल गंभीरपणे म्हणाले. "एवढी शुद्धता मुक्या जिवाला सहन होत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. बाईंना हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. ही त्यांची मुलं. एकेकाचा हात धरून ज्यांना प्रयोग करायला शिकवलं, ती आज गायींच्या संकोचावर विश्वास ठेवत होती.

*

हिवाळ्यात रॉसने डोहाजवळच्या तुकड्यात सातू पेरला आणि तो उगवला नाही. जमिनीवर पांढरी बुरशी यावी तसा थर आला होता. बाई त्याच्या बांधावर गेल्या तेव्हा रॉस पिकअपच्या फाळक्यावर बसून नुसताच समोर बघत होता.

"अरे, हे मीठ आहे, रॉस. जमीन क्षारपड होतेय."

"क्वेलसाहेब म्हणतात दांडे बरोबर काम करतायत. अडथळा वर आहे."

"वर कुठे?"

रॉसने टेकडीकडे हनुवटी उडवली. टेकडीच्या अंगावर निलगिरी आणि सुरूचा दाट पट्टा होता. बाई, त्यांचे पती लेन आणि मंडळाच्या लोकांनी लावलेला. तेव्हा बादल्यांनी पाणी वाहून नेलं होतं आणि सशांनी खाऊ नये म्हणून एकेका रोपाला दुधाच्या खोक्याचं कवच घातलं होतं. लेन गेले ते ती झाडं डोक्यावर गेलेली बघून.

"झाडांनी प्रवाहाचा गळा धरलाय म्हणतात. तोडली की मोकळा होईल."

"रॉस, नीट ऐक. या जमिनीच्या पोटात पहिल्यापासून मीठ आहे. टेकडीवर पडलेला पाऊस ती झाडं पिऊन टाकतात, म्हणून खालचं खारं पाणी खोल राहतं. झाडं तोडलीस तर ते वर येईल. मग हा तुकडाच नाही, तुझा सगळा सखल भाग जाईल."

"मग डोह कसा निवळला?"

"मिठानेच. बंधाऱ्यातून डोहात पाणी सोडणारा नळ बंद करायला कुणी सांगितलं तुला?"

"क्वेलसाहेबांनी. नवं आणि जुनं पाणी भांडतात म्हणाले."

"वरचं गोडं पाणी थांबलं. डोहात उरलं फक्त जमिनीतून झिरपणारं खारं. खाऱ्या पाण्यात मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाला बसतात. तुरटी फिरवल्यासारखं. तो डोह बरा झालेला नाही, मेलाय."

रॉस म्हणाला, "बाई, फुली दिसली तर ओढा चांगला, हे तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला? वर्षानुवर्षं नळी धरून उभं केलंत. आता फुली दिसली तर म्हणता मेला."

नळी गाळ मोजते, मीठ नाही, हे बाईंनी सांगितलं, पण त्या सांगण्यात आता शाळेचा वास येत होता आणि रॉसला नको होता तो नेमका तोच.

"रविवारी झाडं लावायला सगळे येतील," त्या म्हणाल्या. "तिथे दाखवते. तोवर टेकडीला हात लावू नकोस. एवढं ऐक माझं."

"रविवारी या तुम्ही," रॉस म्हणाला. त्याने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

*

मंडळाच्या कामाच्या रविवारी रीत ठरलेली. सकाळी ओढ्याकाठी रोपं लावायची, मग शेकोटीच्या तव्यावर सॉसेज, आणि प्रत्येकाने घरून काहीतरी भरलेली ताटली आणायची. लॅमिंग्टन केकच्या चार ताटल्या आल्या तरी मर्लबाई प्रत्येकीला सांगत, तुझाच सगळ्यांत हलका झालाय गं.

बाईंनी टेबलाच्या कोपऱ्यावर बंधाऱ्याच्या गढूळ पाण्याच्या दोन बरण्या ठेवल्या, एकीत मूठभर स्वयंपाकाचं मीठ ढवळलं आणि म्हणाल्या, "कुणी जरा इकडे बघाल का?"

कुणी बघितलं नाही. क्वेलसाहेब आले होते आणि त्यांच्याभोवती कोंडाळं जमलं होतं. कुणी गुडघा दाखवत होतं, कुणी विहिरीचं विचारत होतं. क्वेलनी दांडा टेबलाला टेकवून ठेवला आणि एका म्हाताऱ्याच्या गुडघ्याची नाडी बघायला वाकले. गुडघ्याला नाडी असते हे बाईंना नव्यानेच कळलं.

मर्लबाईंना मोह झाला. त्यांनी हळूच दांडा उचलला, पुसला आणि चहाच्या पाण्याच्या मोठ्या पिंपात भक्तिभावाने फिरवला. तेवढीच पाण्याची उदासी जाईल. मग सगळ्यांना कप भरून दिले.

पहिला घोट रॉसने घेतला आणि थुंकला.

"मर्ल, काय घातलंयस यात? समुद्र झालाय नुसता."

"मी काही नाही घातलं. नुसता दांडा फिरवला, आशीर्वादाचा."

एकेकाने घोट घेतला आणि एकेकाचं तोंड वाकडं झालं. क्वेल झटकन दांड्याकडे आले, पण मर्लबाईंनी तो आधीच हातात घेतला होता. चहाच्या बाबतीत त्या कुणाचंही ऐकत नसत. दांड्याच्या खालच्या टोकाला टोपण होतं, टोपणाला सुईने पाडावीत तशी भोकं. मर्लबाईंनी ते फिरवून काढलं. टेबलावर जाडं मीठ सांडलं.

सगळ्यांच्या नजरा आपोआप बाईंच्या दोन बरण्यांकडे वळल्या. एक तशीच गढूळ होती. मीठ घातलेली वरून निवळत आली होती.

"बरणीत हे करायला दांड्यात मीठ लागलं," बाई म्हणाल्या. "डोहात तेही लागलं नाही. काठावर आधीपासून असलेला पांढरा थर बघून यांनी ओळखलं, की इथे मीठ वर आलंय. नळ बंद करायला लावला आणि वाट बघितली. रॉस, जा, तुझ्या डोहाचं पाणी चाखून ये."

रॉस गेला. ओंजळीने पाणी तोंडाला लावलं आणि तसाच उकिडवा बसून राहिला.

"मित्रहो, मीठ हेसुद्धा स्मृतीचंच एक रूप आहे," क्वेल म्हणाले. बोलता बोलता ते गाडीपर्यंत पोचले होते. कुणी त्यांना अडवलं नाही. लाजलेली माणसं दुसऱ्याला अडवत नाहीत.

बाईंना वाटलं, जिंकलं. तेवढ्यात टेकडीकडून घरघर ऐकू आली.

रॉस काठावरून उठला. "बाई, बुलडोझर आजच बोलावला होता मी. तुम्ही इथे असाल म्हणून."

"माझ्यासमोर करायची हिंमत नव्हती?"

"नव्हती," रॉस म्हणाला.

रॉस आणि बाई पिकअपमधून निघाले. टेकडीपर्यंत शेताशेताला फाटकं होती, प्रत्येक फाटकाला साखळी. प्रत्येक वेळी रॉस उतरून साखळी काढे आणि बाई आत बसून मोडणाऱ्या खोडांचा आवाज ऐकत. मोठमोठ्याने हाका मारून काही उपयोग नव्हता. यंत्र चालवणाऱ्याच्या कानावर आवाज बंद करणाऱ्या टोप्या होत्या आणि तो बिचारा मन लावून त्याला सांगितलेलं काम करत होता.

त्याने यंत्र थांबवलं तेव्हा कडेची थोडी सुरूची झाडं उभी होती. बाकीचा पट्टा मुळांसकट आडवा पडला होता. चिरडलेल्या निलगिरीच्या पानांचा उग्र वास सगळ्या टेकडीवर पसरला होता.

"पुन्हा लावू, बाई," रॉस म्हणाला. तो रडत होता. "खाली उरलेली सगळी रोपं इथेच लावू, आजच."

"लाव. लावायलाच हवीत." बाई एका आडव्या खोडावर बसल्या. "पण ती पाणी प्यायला लागेपर्यंत मीठ थांबणार नाही रे. आणि मी तर नाहीच."

खालून मंडळाची माणसं रोपांचे ट्रे घेऊन वर येत होती. बाईंना त्यांचा राग येत नव्हता, नुसतं थकल्यासारखं वाटत होतं.

*

पुढच्या उन्हाळ्यात मीठ रॉसच्या घरामागच्या कुरणापर्यंत आलं. क्वेलसाहेब तोवर डोंगरापलीकडच्या खोऱ्यात गेले होते. बाईंनी तिथल्या ओढा मंडळाच्या सचिव बाईंना फोन करून सगळं सांगितलं. दांडा, टोपण, मीठ, टेकडी.

पलीकडची बाई शांतपणे ऐकून घेऊन म्हणाली, "पण तुमचं पाणी निवळलं होतं ना?"

"हो, निवळलं होतं. तुमचंही निवळलंय का?"

"अगदी तळ दिसतोय. काल चर्चमधली सगळी येऊन बघून गेली."

"कुणी चाखलं का ते?"

"चाखायचं कशाला?" ती बाई जरा दुखावल्यासारखी म्हणाली. "दिसतंय की."

असे क्वेल सगळ्या मुलखांत फिरतात, आणि त्यांना पकडण्यासाठी फार मोठी विद्या लागत नाही. नुसतं बघून भुलू नका. हात लावा, टोपण उघडा, विचारा की नळ का बंद केला, गाय का पीत नाही. उत्तर ऐकून आपल्याला छान वाटलं म्हणजे ते खरं झालं असं नाही. आणि हे सगळं आधी करा, कारण झाड आडवं झाल्यावर खरं कळलं तर ते झाडाच्या काही उपयोगाचं नसतं.

"एक घोट घेऊन बघा," बाई फोनवर म्हणाल्या. "माझ्यासाठी. आत्ता जाऊन या, मी फोन धरून थांबते."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तरीही बाई बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून बसून राहिल्या.