नेहमीच्या तीन गोळ्या

आमच्या औषधाच्या दुकानाचा परवाना माझ्या पदविकेवर चालतो. सासरे जुने कंपाउंडर, अनुभव त्यांचा, कागद माझा. मी काउंटरमागे असल्याशिवाय शटर वर करायचं नाही असा कायदा आहे, आणि आमच्या घरात पाळला जाणारा तो एकमेव कायदा. थोडक्यात, मला आजारी पडायची सोय नाही.

तरी त्या वर्षात माझा घसा पाचव्यांदा सुजला. दर वेळी सासरे बॅटरी मारून घशात डोकावत, "टॉन्सिल" म्हणत आणि सुट्या पट्टीतल्या तीन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या हातावर ठेवत. ताप उतरला की विषय संपला. बहुतेक घसे व्हायरसने दुखतात, त्यावर या गोळ्यांचा काडीचा उपयोग नसतो. आणि दुखणं बॅक्टेरियाचं असेल तर कोर्स पुरा करावा लागतो, नाहीतर चिवट जंतू मागे उरतात. हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पण सासरे गिऱ्हाइकाला आधीच सांगून मोकळे होत, "तीन दिवसांत घसा साफ." चारचौघांत त्यांना खोटं कोण पाडणार? मी मुकाट्याने पट्ट्या कापून अर्ध्या गल्लीला तीन-तीन दिवसांच्या गोळ्या वाटल्या.

या वेळी तीन दिवस झाले आणि उजवी बाजू टम्म सुजली. ठणका कानापर्यंत जायचा. तोंड जेमतेम एक बोट उघडायचं. थुंकी गिळायची तर मनाची तयारी करावी लागे, म्हणून मी ती रुमालात टिपत होते. आवाज तर तोंडात गरम घास धरून बोलल्यासारखा. डॉक्टरकडे जाते, असं मी खुणेने सांगितलं. नवरा कॉम्प्युटरवरून मान न उचलता म्हणाला, उद्या दुकानाच्या तपासणीला औषध खात्याचे अधिकारी येणार आहेत, तेवढा दिवस काढ. सासऱ्यांचं म्हणणं, औषधवाल्याचीच सून दवाखान्याच्या रांगेत बसली तर लोक काय म्हणतील? त्यांनी गोळी बदलून दिली. ती घशाखाली उतरेना. मला इतका संताप आला, पण तोंड उघडल्याशिवाय भांडता येत नाही, आणि माझ्या वतीने दोघं बोलतच होते. तिला बरं वाटतंय, असंही त्यांनीच ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी समोरची शिवणवाली मुलीला घेऊन आली. पोरगी तापाने लाल झालेली, घसा दुखतोय म्हणून रडवेली. शिवणवालीने नेहमीच्या त्या तीन दिवसांच्या गोळ्या मागितल्या. सासऱ्यांनी मला पट्टी काढायला सांगितलं. मी काढली, आणि हात पुढे जाईना. मग कागदी पिशवीवर लिहिलं: हिला आधी डॉक्टरला दाखवा. त्यांनी गोळ्या दिल्या तर सगळ्या संपवा.

शिवणवालीने ते मोठ्याने वाचलं. सूनबाईंचं आज मौनव्रत आहे, असं म्हणून सासरे हसले. तिला हसू आलं नाही. ती माझ्या रुमालाकडे बघत होती, मग सुजलेल्या मानेकडे.

"आणि तुम्ही का नाही गेलात?"

उत्तर लिहायला मी पेन उचललं. अधिकारी, परवाना, सासरे, नवरा, लोक. यातलं काहीच लिहिण्यासारखं नव्हतं. मी काउंटरची फळी उचलून बाहेर आले. सासरे आडवे आले. आज दुकान बंद दिसलं तर काय होईल याची कल्पना आहे का, असं विचारत राहिले. कल्पना होती. मी शटर अर्ध्यावर ओढलं. उरलेलं त्यांचं त्यांनी ओढावं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी पोरीला तपासलं. व्हायरसचा घसा, अँटिबायोटिक नको. तापाचं औषध, कोमट पाणी, विश्रांती, आणि दोन दिवसांत उतार नाही पडला तर परत आणा. मग माझ्या घशात कसाबसा उजेड टाकला आणि त्यांचा चेहराच बदलला. टॉन्सिलच्या बाजूला पू साठला होता. अजून एखादा दिवस घालवला असता तर श्वास अडकला असता. त्यांनी सुन्न करायचा फवारा मारून तिथेच पू काढला. मी दुखण्याने रडले, आणि नंतर सुटल्याच्या आनंदाने अजून रडले. तोंड दोन बोटं उघडलं. आता दोन दिवस दवाखान्यात शिरेतून औषध, मग पुढे दहा दिवसांच्या गोळ्या, एकही न चुकवता. असं सारखं होत राहिलं तर टॉन्सिल काढायचा विचार, पण तो बरं झाल्यावर.

आधी काय काय घेतलं ते मी सांगितलं, तशा लिहिता लिहिता त्या भडकल्या. "आतापर्यंत तीन-तीन दिवसांच्या गोळ्या कोण देत होतं? मला त्या माणसाचं नाव हवंय."

सासऱ्यांचं नाव जिभेवर तयार होतं. शेजारी शिवणवाली बसलेली, मांडीवर तापलेली पोर. गेल्या वर्षी त्याच पोरीसाठी पट्टी मी कापली होती, दोनदा.

"मीच," मी म्हणाले.

शिवणवालीने पोरीला उचललं आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.