शेवटची फेरी

चंदनने साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि लगेच खाली घेतले. रुखमा त्या हातांकडेच पाहत होती. तिच्या मुलाला, मिथुनला, शेवटचा ठोसा त्यांतल्याच एकाने मारला होता.

ब्रह्मपुरीच्या मुष्टियुद्ध स्पर्धेत मिथुन रिंगणात कोसळला, त्याला दोन वर्षं होत आली होती. तिथे डॉक्टर नव्हता, ॲम्ब्युलन्स नव्हती. जीपमधून मोठ्या दवाखान्यात नेताना वाटेतच तो गेला. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेवर रुखमाने गडचिरोलीत दावा लावला. सुरुवातीला तारखेला गावातलं कोणीतरी सोबत यायचं. मग धानाची कापणी आली, मोहफुलं आली, आणि कुरखेड्याहून ती एकटीच येऊ लागली.

संघटनेचे वकील उभे राहिले.

"धोका माहीत असूनच दोघं खेळायला उतरलात ना?"

"ठोसे बसतीन हे माहीत होतं, साहेब. पण त्याची नजर फिरून राह्यली होती. मी पंचाले म्हणलो, थांबवा. ते म्हणले, खेळ. बाजूले डॉक्टर असता तं त्यानं थांबवलं असतं."

"मग तुम्ही स्वतः का नाही थांबलात?"

चंदनने रुखमाकडे पाहिलं.

"मले जिकाचं होतं."

रुखमाने बोटाला गुंडाळलेला पदर हळूहळू सोडला.

बाहेर आल्यावर तिची वकील रिना म्हणाली, "बाई, आता संघटनेला हात झटकता येणार नाहीत. थांबवायचं काम त्यांचं होतं, हे त्यांच्याच खेळाडूने सांगितलं. त्याला मात्र आता कोणी खेळू देणार नाही."

रुखमाने मान हलवली. घरी चुलीपुढे बसून ती रोज चंदनशी भांडायची, मोठ्याने. आज त्यातला एकही शब्द तिला आठवेना.

बसस्थानकावर तो बाकावर एकटाच बसला होता. मध्ये जागा सोडून तीही बसली.

"बाई," तो खाली पाहत म्हणाला, "मले माफ कराल का?"

"आज नाई."

त्याने मान डोलावली. उठून गेला मात्र नाही. दोघंही समोरून जाणाऱ्या गाड्या पाहत राहिले.

कुरखेड्याची बस लागली. रुखमाने पिशवी उचलली, दोन पावलं गेली आणि थांबली.

"पुढच्या तारखेले येजो."

"माही साक्ष तं झाली, बाई."

"माहीत हाये मले," ती म्हणाली आणि बसकडे वळली.