शेख बदवी यांचे एक ‘नाही’

सुज्ञ वाचकहो! नाईल नदीच्या मुखाशी वसलेल्या दुमयात शहरातील एका सत्यवचनी गृहस्थाने, स्वपुत्राच्या मेंदूची तपासणी चालू असता, एक असत्य शब्द उच्चारला. त्या शब्दापायी त्यास जी लाज सोसावी लागली, तिची हकीकत मी यथाशक्ती निवेदन करीत आहे.

शेख बदवी हे दिवसा सुताराच्या कारखान्यात खुर्च्यांच्या पायांवर नक्षी कोरीत आणि पाचही वेळा मोहल्ल्याच्या मशिदीत बांग देत. रमजानात खजूर हाती धरून माणसे त्यांच्या स्वराची वाट पाहत. मग घड्याळ काहीही सांगो. अशा या पुरुषाचा एकुलता पुत्र नसीम, वय वर्षे सात, यास मात्र आवाज म्हणून सोसत नसे. करवत सुरू झाली, कुकरची शिट्टी झाली, की तो कानांत बोटे घालून भिंतीवर कपाळ आपटी. आणि मशिदीच्या भोंग्यावर पित्याची बांग सुरू झाली, की तर पलंगाखाली शिरे.

कहवाखान्याचा मालक सब्री एकदा भर बैठकीत म्हणाला, “काय हो शेख, बांग ऐकून सैतान पळतो म्हणतात. तुमच्या घरी कोण पळतं?”

सारे हसले. शेखही हसले, परंतु त्या रात्री ते भरल्या ताटावरून उठले.

पुढे शाळेने कळविले की, मुलाचा मेंदू तपासून आणा. मेंदूच आवाजाने भडकत असेल तर त्यास शांत वर्गात जागा देऊ; तसे नसेल तर अशा दांडगट मुलास आम्ही ठेवणार नाही. इस्पितळात डोक्यावर तारांची टोपी चढवून कानांत टिकटिक ऐकवीत, आणि मेंदू किती दचकतो, तोच आवाज वारंवार ऐकून त्यास सरावतो की नाही, हे यंत्र रेघांनी दाखवी. शेखांस यंत्राचे भय नव्हते. भय होते ते तिथल्या गजबजलेल्या ओसरीचे. पोरगा किंचाळला तर अर्धे गाव पाहील!

म्हणून त्या सकाळी, पत्नी इन्साफ हिची पाठ वळताच, त्यांनी नसीमला सर्दीचे गुंगी आणणारे औषध दोन चमचे पाजले.

पोर मेणाच्या बाहुलीसारखे बसून राहिले. “किती गुणी लेकरू!” एक म्हातारी म्हणाली, आणि शेखांची छाती फुगली.

यंत्र चालविणाऱ्या तहानीबाई त्यांच्याच मोहल्ल्यातील. टोपी बसविता बसविता त्यांनी विचारले, “शेख, पोराला आज काही औषध दिलंय का? झोपेचं, सर्दीचं?”

“नाही.”

“मग झालं. तुमच्या शब्दावर आम्ही रोजा सोडतो, हे काय मोठं!” असे म्हणून त्यांनी ते लिहून घेतले.

तपासणी उरकली. डॉक्टर रेघा पाहून म्हणाले, “आवाजाला मेंदू फारसा दचकत नाही. शांत वर्गाची गरज नाही. पोरगा हट्टी आहे, थोडी शिस्त लावा.”

इन्साफ उठून उभी राहिली. “डॉक्टरसाहेब, असं कसं? कपाळ बघा की त्याचं! हट्टानं कुणी एवढं फोडून घेतं का?”

“बाई, यंत्र खोटं बोलत नाही.”

“आणि आमचे शेखही नाही,” तहानीबाई कौतुकाने म्हणाल्या.

इन्साफ पतीकडे वळली. “अहो, तुम्ही तरी बोला! पोराला उद्या छडी बसेल!”

शेखांस धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. अखेर ते म्हणाले, “मी दिलं होतं. सर्दीचं. दोन चमचे. लोक हसतील म्हणून.”

इन्साफने पोराचे तोंड हुंगले. “तरीच! आणि मी म्हणतेय, आज लेकरू ओळख दाखवेना.” तहानीबाईंनी लिहिलेली ओळ खोडली; शेखांकडे न पाहता खोडली.

पुढल्या आठवड्यात पुन्हा बोलावणे आले. या खेपेस औषधाचा प्रश्न तहानीबाईंनी इन्साफलाच विचारला. ओसरीत नसीम किंचाळला, लोळला, शेखांच्या मनगटास कडकडून चावला. “कुणाचं हो हे भूत?” कुणीसे विचारले. “माझा मुलगा आहे,” शेख म्हणाले, आणि त्यांनी त्यास उराशी आवळले. यंत्रावर शेवटच्या टिकटिकीलाही पहिलीइतकीच उंच रेघ उठली. शांत वर्गासाठीचे पत्र मिळाले.

“चूक कुणाकडून होत नाही, शेख? तुम्ही कबूल तरी केलंत,” डॉक्टर म्हणाले.

पोराच्या केसांत राहिलेले, तारा चिकटविण्याचे मलम शेख रुमालाने पुसू लागले. नसीमने त्यांचा हात दूर सारला आणि तो आईकडे गेला.

हकीकत येथे पूर्ण झाली. वाचकांनी आपला मोलाचा वेळ दिला, त्याबद्दल मी त्यांचा अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
अब्दुल रऊफ दाऊद परकार
दुमयात बंदर